सुशिक्षितांची मोटार

पृथ्वी तापत चालली आहे, ऋतूंचें ताळतंत्र सुटत आहे, आणि माणसानें जाळलेला कोळसा व तेल हेंच त्याचें कारण आहे, हें आतां आमच्या वर्गांत कोणाला पटवून द्यावें लागत नाहीं. आर्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १८९६ सालीं याचें गणित मांडलें. हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर १९५८ पासून हवेंतील कार्बन डाय-ऑक्साइड मोजला जात आहे. तेव्हां दहा लाख भागांत सुमारें ३१५ भाग असलेला हा वायु आतां ४२० च्याही वर गेला आहे. हे आंकडे आमच्या दिवाणखान्यांतून तोंडपाठ असतात. एकाद्या व्याख्यानमालेंत या विषयावर व्याख्यान झालें, तर सभागृह भरतें. अमेरिकेची हांव, चीनच्या भट्ट्या आणि आपल्या सरकारची अनास्था यांचा यथास्थित निषेध होतो. आणि सभा आटोपली, म्हणजे बाहेर दुहेरी रांगेंत उभ्या असलेल्या मोटारींपैकीं एकेक मोटार, बहुधा एकेकाच माणसाला घेऊन, दोन-तीन किलोमीटरांवरील घराकडे रवाना होते. उक्ति आणि कृति यांमधील हें अंतर मोजण्यासाठीं मौना लोआवर चढण्याची कांहींच जरूरी नाहीं.

आमचा आरोप सरळ आहे, आणि तो सरकारवर नाहीं. ज्यांच्या हातीं असलीं मासिकें पडतात, त्या वर्गावर तो आहे. शहरांतल्या शहरांत हिंडण्यासाठीं बाळगलेली मोटार ही बहुतांशीं गरज नसून इभ्रत आहे. बस वाईट म्हणून मोटार घ्यावी लागली, असें हा वर्ग सांगतो. आमचें म्हणणें असें कीं, या वर्गानें बस सोडली, म्हणूनच ती वाईट राहिली. यानें पायीं चालणें सोडलें, म्हणूनच पदपथ गेले. नाचतां येईना अंगण वांकडें, ही म्हण येथें पुरी पडत नाहीं. कारण येथें अंगण वांकडें करणाराही तोच आहे.

प्रथम हिशेब पाहूं. एक लिटर पेट्रोलचें वजन पाऊण किलोच्या आसपास असतें. पण तें जळलें म्हणजे सुमारें २.३ किलो कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होतो. पाऊण किलोंतून सव्वादोन किलो कसे निघाले, असें कोणी विचारील. तर पेट्रोलांतील कार्बन हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावतो व त्या प्राणवायूचें वजन त्यांत मिळतें, हें शाळेंतील रसायनशास्त्र आहे. आतां घरापासून तीन किलोमीटरांवरील कचेरींत मोटारीनें जाणारे एक गृहस्थ घ्या. भर गर्दींतही त्यांची मोटार लिटरला पंधरा किलोमीटर जाते, असें उदारपणें धरूं. जाऊन-येऊन सहा किलोमीटरांस रोज किलोला किंचित् कमी वायु झाला. वर्षाचे ३०० दिवस धरले, तर पावणेतीन क्विंटल. गव्हाचीं इतकीं पोतीं हे गृहस्थ दरसाल रस्त्यावर ओततांना दिसते, तर शेजाऱ्यांनीं त्यांस वेड्यांत काढलें असतें. वायु डोळ्यांना दिसत नाहीं, एवढ्याचसाठीं ते शहाणे ठरतात. त्यांतच इंजिन थंड असतांना तें तेल अधिक खातें. म्हणजे जेथें पायीं जाणें सर्वांत सोपें, नेमका तोच जवळचा प्रवास मोटारीला किलोमीटरमागें सर्वांत महाग पडतो. आणि हा सारा खटाटोप कशासाठीं? तर साठ-सत्तर किलोंचा एक देह हलविण्यासाठीं टनभर लोखंड हलवावयाचें! हत्तीवर बसून मंडईंत कोथिंबीर आणावयास जाणारा संस्थानिकही याच्यापुढें काटकसरी म्हणावा लागेल.

हें आम्ही मुख्यत्वें पुण्याविषयीं लिहीत आहों, कारण या बाबतींत पुण्याला दुसऱ्या कोणाकडून धडे घेण्याचें कारण नव्हतें. सायकलींचें शहर म्हणून याचा लौकिक देशभर होता. प्राध्यापक, कारकून, गिरणीकामगार आणि विद्यार्थिनी एकाच वाहनावर बसत. कोणाची योग्यता किती, हें सायकलीवरून ओळखतां येत नसे. अण्णासाहेब कर्वे फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे तास आटोपून हिंगण्याच्या आश्रमाकडे पायीं जात. त्या पायपिटीनें त्यांची प्रतिष्ठा तिळभरही कमी झाली नाहीं. १९५८ सालीं राष्ट्रानें त्यांस भारतरत्न म्हणून गौरविलें. आज त्यांचेंच नांव दिलेल्या कर्वे रस्त्यावर एकाद्या वृद्धानें पायीं चालावयाचें म्हटलें, तर घरची माणसें काळजींत पडतात. २०१८ सालीं शहरांतील नोंदलेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्याही पुढें गेल्याची वार्ता प्रसिद्ध झाली. त्यांत दुचाक्यांचा भरणा अधिक, हें खरें. पण रस्ता अडविण्यांत मोटारीचा हात कोण धरील? २०२१ पासून ११ डिसेंबर रोजीं लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा होऊं लागला. बैलाला वर्षांतून एक दिवस पोळा असतो. बाकीचे दिवस त्यानें मुकाट्यानें जूं वाहावयाचें. पादचाऱ्याचीही आतां तीच गत झाली आहे.

यावर जे आक्षेप घेतले जातात, त्यांचा क्रमानें विचार करूं.

पहिला आक्षेप बसचा. ती वेळेवर येत नाहीं, आली तर खच्चून भरलेली असते, आणि पुष्कळदां वाटेंत बंद पडते. हें सर्व आम्हांस मान्य आहे. परंतु तें तसें कां राहिलें? पुणें आणि पिंपरी-चिंचवड यांच्या बससेवा २००७ सालीं एकत्र झाल्या. त्यानंतर नागरिकांच्या ज्या वर्गाला लिहितां-बोलतां येतें, त्यानें या सेवेसाठीं काय केलें? नळाला दोन दिवस पाणी आलें नाहीं, तर सोसायटीचे चिटणीस अभियंत्याला सुखानें झोंपूं देत नाहींत. वीज गेली, तर वर्तमानपत्रांत पत्रें जातात. बस मात्र चाळीस मिनिटें आली नाहीं, तर उन्हांत उभी राहते ती धुणींभांडीं करणारी बाई, बांधकामावरचा मजूर आणि कॉलेजांत जाणारी गरीब घरची मुलगी. त्यांच्या तक्रारीला कोणाच्या टेबलावर जागा? ज्या सेवेचे उतारू केवळ निर्बल आहेत, ती सुधारण्याची निकड कोणत्याच सत्तेला भासत नाहीं. म्हणून बस सुधारली म्हणजे आम्ही तींत बसूं, असें जे म्हणतात, ते पोहतां आल्यावर पाण्यांत उतरण्याचा निश्चय करणारे आहेत.

याच्याच पोटांत एक मोठा अन्याय दडलेला आहे. जून २०२५ मध्यें पुण्यांतील बसचें किमान भाडें पांच रुपयांवरून दहा रुपये झालें. उलट, मोटार रस्त्याकडेला उभी करावयाची, तर शहरांतील बहुतेक रस्त्यांवर एक पैसाही पडत नाहीं. उभी मोटार सुमारें बारा चौरस मीटर जागा व्यापते, म्हणजे दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलीएवढी. तेवढ्या खोलींत याच शहरांत सबंध कुटुंबें राहतात आणि तिचें भाडें दरमहा मोजतात. लोखंडाच्या पेटीला मात्र तीच जागा सार्वजनिक मालकीच्या जमिनीवर रात्रंदिवस फुकट! महापालिकेनें २०१८ सालीं वाहनतळाच्या शुल्काचें धोरण मांडलें, तेव्हां केवढा गहजब झाला! दरिद्री माणसाचे पांच रुपये वाढले, तेव्हां त्या मानानें किती झाला? सिंगापुरानें १९७५ सालीं आणि लंडननें २००३ सालीं शहराच्या गजबजलेल्या भागांत मोटार आणण्याबद्दल पैसे घेण्यास आरंभ केला. हीं कांहीं विरक्तांचीं तपोवनें नव्हेत. व्यापाराचीं माहेरघरें आहेत. जागेला किंमत असते, एवढें व्यापाऱ्याला कळतें.

दुसरा आक्षेप ऊन, पाऊस, वय आणि प्रकृति यांचा. जो आजारी आहे, जिला रात्रीं-अपरात्रीं एकटीनें यावें लागतें, ज्याच्या पायांत चालण्याची शक्ति नाहीं, त्याला आम्ही एक शब्दही बोलत नाहीं. त्यांनीं खुशाल मोटारीनें जावें. पण अपंगाची कुबडी धडधाकटानें वापरूं नये. सकाळीं प्रकृतीसाठीं टेकडी चढावयाची, त्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत मोटारीनें जावयाचें, आणि दहा वाजतां दोन किलोमीटर चालणें झेपत नाहीं म्हणून पुन्हां मोटारींत बसावयाचें, याला प्रकृतीची सबब म्हणतां येत नाहीं.

तिसरे आक्षेपक म्हणतात, रस्ते रुंद करा, पूल बांधा, म्हणजे गाड्या खोळंबणार नाहींत व धूरही कमी होईल. हा प्रयोग पुण्यानें पोटभर केला आहे. विद्यापीठ चौकांतील उड्डाणपूल पुरीं पंधरा वर्षेंही न टिकतां २०२० सालीं मेट्रोच्या कामासाठीं पाडण्यांत आला; आणि त्याच्या जागीं पुन्हां पूलच उभा राहिला, तोही दुमजली! रस्ता मोकळा झाला, कीं काल घरीं राहिलेली मोटारही आज बाहेर पडते, आणि थोड्याच दिवसांत गर्दी पूर्ववत् होते. कमरेचा पट्टा सैल केल्यानें लठ्ठपणा बरा होत नाहीं. केंद्र सरकारच्या २००६ च्या नागरी वाहतूक धोरणांतच असें तत्त्व मान्य केलेलें आहे कीं, हलवावयाचीं तीं माणसें, वाहनें नव्हेत. तत्त्व कागदावर उत्तम आहे. त्याला पाठिंबा देणारे नागरिक तेवढे पाहिजेत.

चौथा आक्षेप नव्या लोकांचा: आमची मोटार विजेवर चालते. तिच्या मागून धूर निघत नाहीं, आणि एकंदरींत ती पेट्रोलच्या मोटारीहून बरी, हें आम्ही मान्य करतों. पण भारतांतील विजेचा निम्म्याहून पुष्कळ अधिक भाग अद्याप कोळशापासून होतो. म्हणजे धूर बंद झाला नाहीं, त्याचा कांहीं भाग दुसऱ्याच्या गांवीं पाठविला. शिवाय विजेची मोटार रस्त्यावर जागा तेवढीच अडविते. ज्या पदपथावर ती चढून बसते, त्यावरून उतरून भर वाहतुकींत चालणाऱ्या आजीबाईला तिच्या पोटांत तेल आहे कीं वीज आहे, याचें सोयरसुतक नसतें.

शेवटचा आक्षेप सर्वांत जुना: कारखाने एवढा धूर ओकत असतां माझ्या एका मोटारीनें काय होणार? थेंबें थेंबें तळें सांचे, हें ज्यांनीं मुलांना शिकविलें, त्यांच्याच तोंडीं हा आक्षेप शोभत नाहीं. पण त्याचें खरें उत्तर याहून वेगळें आहे. सुशिक्षित मनुष्य एकटा नसतो. त्याचें अनुकरण होत असतें. वकील-डॉक्टरांनीं सायकल टाकली, तेव्हां कारकुनानें टाकली. प्राध्यापक मोटारींतून उतरूं लागले, तेव्हां विद्यार्थ्याला बसमधून उतरण्याची लाज वाटूं लागली. प्रतिष्ठेची ही खोटी नाणी याच वर्गानें पाडली. तीं परत घेण्याचें कामही त्याच्याच माथीं येतें.

म्हणून आमचें मागणें माफक आहे. मोटार विकून टाका, असें आम्ही म्हणत नाहीं. दोन किलोमीटरांच्या आंतलें काम पायीं करावें. पांच-सहा किलोमीटरांपर्यंत ज्याला जमेल त्यानें सायकल काढावी. त्यापुढें बस आहे, आणि आतां वनाजपासून रामवाडीपर्यंत व पिंपरी-चिंचवडपासून स्वारगेटपर्यंत मेट्रोही आहे. बस आली नाहीं, तर थांब्यावरूनच तक्रार करावी, आणि शेजारीं उभ्या असलेल्या बाईच्या वतीनेंही करावी. नगरसेवक मत मागावयास आला, म्हणजे त्याला नव्या पुलाविषयीं न विचारतां पदपथाविषयीं विचारावें. अधिकाऱ्यांचे, वकिलांचे, संपादकांचे आप्त ज्या दिवशीं थांब्यावर तिष्ठत उभे राहूं लागतील, त्या दिवसापासून बसचें वेळापत्रक सुधारूं लागेल, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. हवेंत एकदां गेलेल्या या वायूचा मोठा अंश शतकानुशतकें तेथेंच राहतो; आज तीन किलोमीटरांसाठीं जाळलेल्या तेलाचा हिशेब आमच्या नातवंडांच्या नातवंडांकडे जाणार आहे. त्यांच्यासाठीं सोनेंनाणें ठेवण्याची चिंता हा वर्ग अहोरात्र वाहतो. श्वास घेण्याजोगी हवा ही त्या ठेवींत धरावयाची कीं नाहीं, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर व्याख्यानांत देतां येत नाहीं, तें उद्यां सकाळीं दाराबाहेर पडतांना द्यावें लागेल.