निसण्याची मूठ आणि हरवलेला दगड

पश्चिम इराणच्या झाग्रोस डोंगरांत, लुरिस्तानात, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी निसण्याच्या दगडाला कांशाची मूठ बसवत. मुठीवर कधी मागे वळलेल्या शिंगांचा रानबोकड, कधी सिंह. अशा मुठी पाहून एक मत हमखास मांडले जाते: धार लावायच्या दगडावर एवढी कलाकुसर कोण करील? ही पूजेचीच वस्तू असणार.

नक्षी आली की काम संपले, हे गृहीत आले कुठून? मोराचा अडकित्ता सुपारी कातरत नाही काय? मुठीची घडणच पाहा. टोकाला दगड बसवायची खोबण, वर टांगायची कडी. शोभेच्या वस्तूला खोबण कशाला लागते?

पूर्वपक्ष म्हणेल, १९३८ मध्ये लुरिस्तानातल्या सुर्ख दुम येथे देवस्थानच सापडले, वाहिलेल्या वस्तूंसकट. खरे आहे, पण देवाला वाहिली म्हणून वस्तू आधी वापरलीच नव्हती असे ठरत नाही. उलट १९६५ ते १९७९ या काळात पुरातत्त्वज्ञ लुई वांदन बेर्घ यांनी लुरिस्तानातल्याच पुश्त-ए-कूह भागातली थडगी उकरली, त्यांत शस्त्रे निघाली तसे निसणेही निघाले. थडगे हाही विधीच, हे मान्य. पण मेलेल्याच्या उशाशी ठेवतात ते बहुधा त्याच्या रोजच्या हातातलेच.

एक गोष्ट कबूल करायला हवी. संग्रहालयांतल्या बहुतेक मुठी १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून लुटारूंच्या हातून बाजारात आल्या. त्यांत बनावटही मिसळल्या. कुठली मूठ कोणत्या थडग्यातली, हा पुरावा लुटीतच गेला. म्हणून प्रत्येक मूठ योद्ध्याच्या कमरेला होती असे छातीठोक म्हणता येत नाही. पण मग ‘पूजेची’ हा शिक्काही त्याच अज्ञानावर मारलेला ठरतो.

माझे म्हणणे साधे आहे. दगड निखळला, मूठ उरली; काचेआड ती चिमुकले शिल्प झाली आणि आपण शिल्पाचाच अर्थ लावत बसलो. मूठ घडवायची रीतही पाहा: मेणाचा नमुना मातीत लिंपून, मेण वितळवून, त्या पोकळीत कांसे ओतायचे. साचा फोडल्याशिवाय मूठ बाहेर येत नसे. एवढी मेहनत ज्या वस्तूवर घेतली, ती नजरेसमोर आणि हातात रोज असावी, हेच अधिक पटते. खंजिराचा जीव धारेत. ती धार राखणाऱ्या दगडाचा मान मुठीवर उतरला.

म्हणून त्या रिकाम्या खोबणीत मनाने दगड परत बसवावा. मग बोकड देवळात उभा राहत नाही, मुठीत येतो.