नाव न विचारता

साप्ताहिक सदर : श्रद्धा आणि संसार

मनिलाला लागून असलेल्या केसोन सिटीत मागिनहावा नावाचा रस्ता आहे. १४ एप्रिल २०२१ रोजी आना पात्रिसिया नॉन या सव्वीस वर्षांच्या तरुणीने या रस्त्याच्या कडेला बांबूची एक लहानशी हातगाडी उभी केली. गाडीवर थोडा तांदूळ, भाजी, डबाबंद खाणं, मास्क. शेजारी पुठ्ठ्याची पाटी. ऐपतीप्रमाणे ठेवा आणि गरजेपुरतं न्या, एवढंच त्या पाटीचं सांगणं. नाव लिहून घेणारी वही नव्हती आणि ओळखपत्र मागणारा माणूसही नव्हता.

करोनामुळे मार्चअखेरीस मनिला आणि आसपासच्या भागात पुन्हा कडक टाळेबंदी लागली होती. जीपनीचे चालक, बाजारातले विक्रेते, बांधकामावरचे मजूर अशा हातावर पोट असणाऱ्यांचे हात रिकामे झाले होते. या हातगाडीची बातमी पसरली आणि आठवड्याभरात फिलिपिन्समध्ये अशा शेकडो ‘कम्युनिटी पँट्री’ उभ्या राहिल्या. तार्लाक प्रांतातल्या पानिकी गावच्या शेतकऱ्यांनी पोत्यांनी रताळी आणून दिली. शेतकऱ्याची स्वतःची परिस्थिती तिथेही बेताचीच असते. तरीही ऐपतीप्रमाणे ठेवायचं म्हटल्यावर आपल्या शेतात जे आहे ते त्यांनी ठेवलं.

श्रद्धेचा रोजच्या जगण्याशी सांधा कुठे जुळतो, ते आपण या सदरात दर आठवड्याला पाहतो. फिलिपिनो माणसांच्या आयुष्यात तो ठायी ठायी दिसतो. मुलं वडीलधाऱ्यांचा हात आपल्या कपाळाला लावून आशीर्वाद घेतात. नाताळाआधी नऊ दिवस माणसं अंधारातच उठून पहाटेच्या मिस्सेला जातात आणि तिथून कामावर. पण मला तो सांधा सर्वांत लख्ख दिसतो तो त्या हातगाडीवर.

यात तारखेचाही एक योग आहे. १४ एप्रिल १५२१ रोजी सेबू बेटावर राजा हुमाबोन आणि त्याच्या राणीचा बाप्तिस्मा झाला. दर्यावर्दी मॅगेलनने राणीला बाळ येशूची मूर्ती भेट दिली आणि ती आजही सेबूच्या बॅसिलिकेत पूजनीय आहे. त्या घटनेला पाचशे वर्षं झाली म्हणून २०२१ मध्ये त्याच दिवशी सेबूत मोठा सोहळा झाला. पंचशताब्दीसाठी तिथल्या बिशपांनी मत्तयच्या शुभवर्तमानातला विचार निवडला होता: तुम्हाला फुकट मिळालं आहे, तुम्हीही फुकट द्या. सेबूत त्या विचाराची मिस्सा चालू असताना केसोन सिटीत तो विचार रस्त्यावर उतरला होता. माझ्या लेखी त्या दिवशी उपासना दोन ठिकाणी झाली.

देव वाळवंटात इस्राएली लोकांना मान्ना देतो, ती निर्गमातली कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्याने त्याने आपल्या घरापुरता वेचायचा. उद्यासाठी साठवलेला मान्ना सडला. प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्या ख्रिस्ती मंडळीचं वर्णन येतं, तिथेही वाटप ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे व्हायचं. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण मागतो ती आजचीच भाकर. गरजेपुरतं न्या असं सांगणारी पाटी याच परंपरेतली आहे. ती घेणाऱ्याला भिकारी ठरवत नाही. तुझी गरज किती हे तुलाच ठाऊक, असं म्हणून निर्णय त्याच्या हाती सोपवते.

हा विश्वास अनेकांना झेपला नाही. कम्युनिस्टविरोधी सरकारी कृतिदलातल्या अधिकाऱ्यांनी या उपक्रमामागे कम्युनिस्ट असल्याचा संशय घेतला. समाजमाध्यमांवर तसे आरोप फिरले आणि जिवाच्या भीतीने नॉन यांनी २० एप्रिलला गाडी बंद ठेवली. शहराच्या महापौर जॉय बेल्मोंते त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा सुरू झाली. मनिलाच्या धर्मप्रांताची धुरा तेव्हा सांभाळणारे बिशप ब्रॉडरिक पाबिल्यो यांनीही पँट्रींची बाजू घेतली. भुकेल्याला जेवू घालणं हा गुन्हा होऊ शकत नाही, हे धर्मगुरूंनी स्पष्ट सांगायलाच हवं होतं.

गैरफायदा घेणाऱ्यांचं काय, असा प्रश्न येतोच. पासिगमध्ये काही बायकांनी एका पँट्रीचं टेबल पार रिकामं केल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. आपण ते शेजाऱ्यांत वाटलं, असं त्यांच्या बाजूने सांगितलं गेलं. ते खरं असो वा नसो, मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: टेबल पुन्हा भरलं गेलं. याहून गंभीर घटना केसोन सिटीतच घडली. एका पँट्रीच्या रांगेत उभा असलेला बलुट नावाची उकडलेली बदकाची अंडी विकणारा एक वृद्ध कोसळला आणि वारला. दानधर्माची मर्यादा त्या मृत्यूने दाखवून दिली. अन्नासाठी म्हाताऱ्या माणसाला उन्हात तिष्ठावं लागू नये, ही जबाबदारी शासनाची आहे. शेजाऱ्याच्या प्रेमामुळे ती माफ होत नाही. पण शासन जागं होईपर्यंत शेजाऱ्याने हात आवरून बसावं, असंही नाही.

हे मी वसई-मुंबईच्या वाचकांसाठी मुद्दाम लिहिते आहे. मनिलाशी आपलं नातं जुनं आहे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया जपानमधला चांगला चाललेला व्यापार सोडून मनिलाला गेले आणि तिथेच फ्रान्सिस्कन बंधू झाले. पुढे १५९७ मध्ये नागासाकीला त्यांना क्रुसावर वीरमरण आलं. ज्या शहरात आपल्या या संताने साठवण्याचा मार्ग सोडून देण्याचा मार्ग धरला, त्या शहराकडून आपण आजही काही शिकावं.

आपल्या धर्मग्रामांत दानधर्म भरपूर होतो, त्याबद्दल मला आदर आहे. पण मदत मागायला आलेल्या बाईकडून आपण अर्ज भरून घेतो, शिफारस मागतो, घरी येऊन चौकशी करतो आणि किराण्याची पिशवी देताना फोटो काढतो. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, अशी प्रभूची शिकवण असताना ते अख्ख्या व्हॉट्सॲप ग्रुपला कळतं. त्या फोटोत तिची मुलंही असतात आणि उद्या त्यांना त्याच वर्गमित्रांत बसायचं असतं. मोठ्या रकमेच्या मदतीला हिशेब हवा, हे मान्य. दोन किलो तांदळासाठी कोणालाही आपली गरिबी सिद्ध करावी लागू नये.

म्हणून माझी विनंती साधी आहे. येत्या रविवारी चर्चच्या फाटकाबाहेर एक टेबल मांडा. तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे, साबण, सॅनिटरी पॅड, वह्या, जे जमेल ते ठेवा. टेबल कुठल्याही धर्माच्या माणसासाठी खुलं असू द्या आणि कॅमेरा घरी राहू द्या. काही जण जास्त नेतील. न्यायचं ते नेऊ द्या आणि टेबल पुन्हा भरा. देवाने आपल्याला दिलं तेव्हा आपली पात्रता तपासली नव्हती. त्याच्या नावाने देणाऱ्यांनी ती इतरांची तपासत बसू नये.