माल एकच, दुकानं चार

स्पर्धा आली की गिऱ्हाइकाची चंगळ, असं आपल्याला १९९१ पासून सांगण्यात आलंय. टेलिफोनच्या बाबतीत ते खरंही ठरलं. एफएम रेडिओच्या बाबतीत मात्र मला ते कधीच पटलेलं नाही. कॉलेज रोडच्या सिग्नलला रिक्षा थांबते, जाहिरात लागली म्हणून रिक्षावाला स्टेशन बदलतो, तर तिकडे दुसऱ्या बिल्डरची जाहिरात. पुन्हा बदलतो, तर मघाशी अर्धवट सोडलेलं गाणं इथे नुकतं सुरू झालेलं. आवाज वेगळा, विनोद वेगळे, माल तोच.

नाशिकला आकाशवाणीचं १०१.४ होतंच. सरकारच्या दुसऱ्या टप्प्यातल्या लिलावानंतर खासगी वाहिन्या आल्या, २०१५ च्या तिसऱ्या टप्प्यानंतर आणखी आल्या. मिर्ची, रेड एफएम, रेडिओ सिटी... नावं वाढली. तेव्हा वाटलं होतं की आता कुणीतरी एक जण जुन्या गाण्यांचं दुकान काढेल. तसं झालं नाही. जुनी गाणी म्हणजे रात्री जेवणं उरकल्यावरचे दोन तास, आणि त्यातही किशोरकुमार आणि आर. डी. बर्मन. (दोघेही माझे लाडके, गैरसमज नको.) पण मराठी भावगीत? गजाननराव वाटवे? ते शोधायला १०१.४ वरच जावं लागतं.

यात कुणाचा दुष्टपणा नाही, साधा हिशेब आहे. समजा शंभर श्रोते आहेत. पंच्याऐंशी जणांना नवी हिंदी गाणी हवीत, पंधरा जणांना जुनी मराठी. (आकडे सोयीसाठी घेतलेत.) चार वाहिन्यांनी पंच्याऐंशी वाटून घेतले तरी प्रत्येकीला एकवीस-बावीस मिळतात. मग पंधरांसाठी वेगळी चूल कोण मांडणार? गंमत म्हणजे चारही वाहिन्या एकाच मालकाच्या असत्या, तर त्याने चौथी त्या पंधरांना दिली असती; स्वतःचीच गिऱ्हाइकं स्वतः पळवून त्याला काय मिळणार? पीटर स्टाइनर नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने रेडिओबद्दल हेच १९५२ साली मांडलं होतं.

अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत जुन्या रॉक संगीताची दोन-दोन स्टेशनं एकमेकांशी भांडतात. ते जमतं, कारण तिथे एकेका शहरात डझनांनी स्टेशनं असतात. लोकप्रिय मालाचे इतके तुकडे पडतात की जुन्यांचा तुकडाही परवडतो. आपल्याकडे तिसऱ्या टप्प्यात एका कंपनीला एका शहरात एकापेक्षा जास्त वाहिन्या घेण्याची मुभा मिळाली, पण एकूण वाहिन्यांच्या चाळीस टक्क्यांपर्यंतच. मुंबई-दिल्लीसारख्या शहरांत त्यातून वाट निघाली. २०१६ मध्ये 'फीवर'वाल्यांनी तिथे जुन्या हिंदी गाण्यांसाठी 'रेडिओ नशा' काढलं. ज्या शहरात चारच वाहिन्या, तिथे चाळीस टक्के म्हणजे किती? एक. झालं!

आता कुणी म्हणेल, म्हणजे तुम्हाला सरकारी मक्तेदारी हवी? छे. तिचाही प्रताप आपण पाहिलाय, आणि तो आपल्याच मराठी माणसाच्या हातून. बा. वि. केसकर १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी मुकाट्याने सुई रेडिओ सिलोनकडे फिरवली. अमीन सयानींची बिनाका गीतमाला त्याच वर्षीची. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. स्पर्धेने शहाणपण शिकवलं ते तेव्हा.

पण त्याच केसकरांच्या काळात, १९५५ च्या रामनवमीपासून, पुणे आकाशवाणीने गीतरामायण सुरू केलं. गदिमा आणि बाबूजी, आठवड्याला एक नवं गीत, वर्षभरात छप्पन्न गीतं. इथल्या पंचवटीत राहणाऱ्या आमच्या मागच्या पिढीला ते अजून तोंडपाठ आहे. आज कुठली वाहिनी वर्षभराचा असा घाट घालेल? जाहिरात विभाग पहिल्याच आठवड्यात आकडे मागेल.

जुनी गाणी ऐकायला माणसंच उरली नाहीत, हा युक्तिवाद मात्र मी ऐकून घेणार नाही. २०१७ मध्ये सारेगामाने 'कारवां' नावाचा डबा आणला, आत पाच हजार जुनी हिंदी गाणी, किंमत सहा हजारांच्या घरात. लोकांनी आई-वडिलांसाठी तो भेट म्हणून घेतला. पुढे मराठी कारवांही आला. जे रेडिओवर फुकट मिळायला हवं होतं, त्यासाठी लोकांनी खिशातून हजारो रुपये काढले. याहून वेगळी मागणी ती कोणती?

डब्यात एकच उणीव आहे. गाण्याआधी आजची, इथली दोन वाक्यं बोलणारं माणूस त्यात नाही. गंगापूर धरणावर पाऊस धरलाय हे त्याला कळत नाही, त्यामुळे पावसाचं गाणं लागलंच तर योगायोगाने. ते काम इथे बसलेला निवेदकच करू शकतो. आकाशवाणीकडे असे निवेदक होते, ध्वनिमुद्रणांचा खजिना आहे, आणि खासगी वाहिन्यांसारखं दर तासाला जाहिरातदाराचं तोंड बघायची पाळी नाही. मग १०१.४ वर रोज सकाळचा एक ठरलेला तास जुन्या मराठी गाण्यांना, नाव-गाव-साल सांगून, द्यायला काय हरकत आहे?