नवख्यांचे प्रश्न आणि जाणत्यांचीं उत्तरें

जुना संगणक मोडींत काढण्याऐवजीं त्यावर लिनक्स बसवून तो पुन्हां कामास लावण्याची हौस आतां पुष्कळ घरांतील तरुणांस लागली आहे. हौस स्तुत्यच. परंतु त्यांपैकीं कित्येकांची तक्रार अशी कीं, अडचण पडून एखाद्या जाणत्यास प्रश्न केला, तर ‘आधीं पुस्तिका वाच’ एवढाच फटकारा मिळतो. या तक्रारींत तथ्य किती?

जाणत्यांची बाजू प्रथम ऐकिली पाहिजे. ते वेतनावांचून, आपला फावला वेळ खर्चून उत्तरें देतात. आणि तोच प्रश्न शंभर वेळां आला म्हणजे शांत माणसाचाहि धीर सुटतो. ‘चालत नाहीं’ एवढेंच कळविणाऱ्या रोग्यास वैद्य तरी काय औषध देणार? कोणती आज्ञा दिली, पडद्यावर कोणतीं अक्षरें उमटलीं, हें सांगितल्यावांचून निदान व्हावयाचें कसें? एरिक रेमंड व रिक मोएन यांचा, प्रश्न कसे विचारावे या विषयावरील २००१ सालचा निबंध या मंडळींत फार प्रसिद्ध आहे. नवख्यांस तो वारंवार दाखविण्यांत येतो. गंमत अशी कीं, त्याच निबंधांत पुढें उत्तर कसें द्यावें हेंहि सांगितलें असून तेथें पहिलाच उपदेश सौम्यपणाचा आहे. तेवढा भाग मात्र क्वचितच कोणास आठवतो!

शिवाय ‘पुस्तिका वाच’ हें उत्तर आम्हांस अर्धेंच वाटतें. लिनक्समध्यें ‘मॅन’ असें लिहून पुढें हव्या त्या आज्ञेचें नांव घातलें कीं तिची माहिती समोर येते, हें खरें. पण ती बहुधा जाणत्याच्या स्मरणासाठीं लिहिलेली असते, नवख्यास शिकविण्यासाठीं नव्हे. पुरणपोळी कशी करावी असें विचारणाऱ्या नव्या सुनेच्या हातीं कोठीघरांतील डब्यांची यादी द्यावी, त्यांतलाच हा प्रकार. पुस्तिका खुशाल दाखवावी. मात्र कोणती ओळ वाचावयाची, त्यावर बोट ठेवावें. नवख्यास सगळ्या फाइली पुसून टाकणारी आज्ञा थट्टेनें सुचविणारे महाभागहि आढळले आहेत. त्यांस जाणते म्हणावयास आम्ही तयार नाहीं.

लिनक्सच्या उपासकांस तर हा तुसडेपणा मुळींच शोभत नाहीं. ३ जुलै १९९१ रोजीं हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें अनोळखी लोकांस जाहीरपणें विचारलें कीं, ‘पॉझिक्स’ या नांवाचे प्रमाणभूत नियम संगणकावर वाचतां येतील अशा रूपांत कोठें मिळतील? पुढें त्याची रचना लोकांस उपलब्ध व्हावी म्हणून आरी लेम्के यांनीं जागा दिली, आणि ‘लिनक्स’ हें नांवहि त्यांनींच ठेविलें. टोरवाल्ड्सच्या मनांत ‘फ्रीक्स’ होतें. याच टोरवाल्ड्स यांची वाणी कालांतरानें सहकाऱ्यांविषयीं फार तिखट झाली. सप्टेंबर २०१८ मध्यें त्यांनीं त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली व कांहीं आठवडे ते कामापासून दूर राहिले.