अर्ज करा, आणि खरा करा

युनिटचा निरोप बहुतेक वेळा संध्याकाळी येतो. ‘आर्मी अटॅचमेंट कँप, दोन वेकन्सी, उद्या अकरापर्यंत नावं कळवा.’ एएनओ, म्हणजे कॉलेजातले एनसीसी अधिकारी, तो ग्रुपवर टाकतात. साठ-सत्तर कॅडेट वाचतात, निळ्या खुणा उमटतात आणि उत्तर येतं दोघा-तिघांचं, तेही नेहमीच्याच. मी उपनगरातल्या एका कॉलेजात एकोणीस वर्षं एनसीसीचं काम पाहिलं, त्याआधी तीन वर्षं स्वतः कॅडेट होते. वाचून गप्प बसणाऱ्या त्या साठ जणांशी मला आज बोलायचं आहे.

आधी, अर्ज कशासाठी करायचा ते. अटॅचमेंट म्हणजे लष्कराच्या चालू पलटणीत साधारण दोन आठवडे राहणं. पहाटे पीटी, दिवसभर शस्त्रांची आणि कामाची ओळख, कधी पाठीवर वजन घेऊन रूट मार्च, आणि जेवण जवानांच्या लंगरचं. त्याहून दमवणारा प्रकार म्हणजे गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स. तो अठ्ठावीस दिवसांचा असतो. १९५४ साली सुरू झालेली दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट आणि १९६५ ची उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, या दोन्हींकडे एनसीसी कॅडेट पाठवत आली आहे. अगदी निवडक मुलामुलींना आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये विमानातून उडी मारायलाही मिळते. रविवारची परेड आणि परेडनंतरचा नाश्ता यापलीकडे एनसीसी पाहिलीच नाही, अशा कॅडेटच्या हातात तीन वर्षांनी सर्टिफिकेट येतं. पण सैन्य आपल्याला झेपेल का, आवडेल का, हे त्याला कळलेलं नसतं. ते दोन आठवड्यांत कळतं.

अर्ज न करणाऱ्यांत मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती डोंगरावर राहणाऱ्या मुलांची. घाटकोपरहून वर्सोव्याकडे जाणारी मेट्रो असल्फा ओलांडते तेव्हा रंगवलेल्या घरांची ती टेकडी खिडकीतून दिसते. लोक फोटो काढतात. त्या घरांतली मुलं रोज किती पायऱ्या चढतात, पाण्याचा हंडा किंवा कॅन खांद्यावर घेऊन वर जातात, ते फोटोत येत नाही. विक्रोळीच्या पार्कसाइटला तेच, मुलुंडला डोंगराच्या कडेच्या वस्त्यांत तेच. अशीच एक कॅडेट मला म्हणाली होती, “मॅडम, मी कधी जिमला गेले नाही, मला कुठे जमणार?” मी तिला विचारलं, पाणी कोण भरतं? म्हणाली, मीच, सकाळी दोन खेपा. तिचे पाय वर्गातल्या कुठल्याही मुलाच्या पायांपेक्षा तयार होते, फक्त तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. मी तिचं नाव पाठवलं. ती गेली आणि कँप पूर्ण करून आली.

इमारतीत राहणाऱ्यांना मी तेव्हापासून तिचाच व्यायाम सांगते. पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरा. एक लिटर म्हणजे एक किलो, वजनकाटा लागत नाही. पाच लिटरपासून सुरुवात करा, जिन्याने गच्चीपर्यंत चढा, पाणी वरच्या कुंड्यांना घाला आणि रिकामी सॅक घेऊन खाली या. चढताना दम वाढतो, पण गुडघ्यांची खरी झीज होते ती वजन घेऊन उतरताना. ती टळते. आठवड्यातून तीन दिवस, दोन महिने. लिफ्टचा मोह सोडला की अर्धी तयारी घरातच होते.

धावण्यासाठी एक अंतर लक्षात ठेवा, २.४ किलोमीटर, म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर सहा फेऱ्या. अधिकारी होण्यासाठी एनसीसी स्पेशल एंट्रीची जाहिरात निघते तेव्हा प्रशिक्षणाला येण्याआधी गाठायची पातळी त्यात दिलेली असते. मुलांनी हे अंतर साडेदहा मिनिटांत आणि मुलींनी तेरा मिनिटांत धावावं, मुलांना चाळीस आणि मुलींना पंधरा पुशअप यावेत, शिवाय थोडं पोहताही यावं. कॅडेटच्या कोर्सला इतकं कुणी मागत नाही. पण या आकड्यांकडे तोंड करून तयारी केलेली मुलं कोर्समध्ये चौथ्या दिवशीही हसत असतात. बोरिवलीकरांना तर राष्ट्रीय उद्यान दाराशीच आहे. मुख्य दरवाजापासून कान्हेरीपर्यंतचा सहा-सात किलोमीटरचा रस्ता, शेवटी चढ, वर सावली. यापेक्षा चांगलं मैदान मुंबईत शोधून सापडायचं नाही. सोमवारी उद्यान बंद असतं, तोच तुमचा विश्रांतीचा दिवस धरा. अंधेरीकरांनी ओहोटीच्या वेळी जुहूची ओली, घट्ट वाळू धरावी. कोरड्या वाळूत नव्याने धावू नका, पोटऱ्या आखडतात.

आणि निरोप आल्यावर धावायला लागू नका. हे मी कळकळीने सांगते. पाच महिने काही केलं नाही आणि मग शेवटच्या पंधरा दिवसांत रोज पाच किलोमीटर, असं केलेल्या मुलांच्या नडग्या मी हातात धरून पाहिल्या आहेत. स्नायूंचा दम दोन-तीन आठवड्यांत वाढतो, हाडाला मजबूत व्हायला महिने लागतात. दम आहे म्हणून पोरगं धावत राहतं आणि नडगीच्या हाडाला बारीक तडा जातो. अंतर दर आठवड्याला थोडंच वाढवा. कोर्सच्या आधीचा शेवटचा आठवडा हलका ठेवा.

बुटांचंही असंच. नवे डीएमएस बूट कोर्सच्या आदल्या दिवशी पायात घालणाऱ्याची टाच दुसऱ्या दिवशी सोललेली असते. आधी चामड्याला पाय ओळखू द्या. घरात घाला, जिन्यावर घाला, कॉलेजला परेड नसली तरी घाला. बूट घ्यायला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो आणि खरं माप कळतं. जो मोजा कोर्सला घालणार तोच घालून माप बघा. टाचेला चटका लागल्यासारखं वाटलं की फोड येण्याची वाट पाहू नका. तिथेच थांबा, मोजा काढा, पाय पुसा, चिकटपट्टी लावा. रांगेतून बाहेर पडायची लाज वाटते म्हणून मुलं चालत राहतात. ती पट्टी लावायला दोन मिनिटं लागतात. फुटलेला फोड भरायला आठवडा जातो, आणि अटॅचमेंटच मुळी दोन आठवड्यांची असते.

मुलींनो, तुमच्यासाठी एक वेगळी गोष्ट. अर्ज करायच्या आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. पहाटेची लोकल गाठायची म्हणून न खाता घराबाहेर पडणं आणि थेट दुपारी वडापाव, यात वर्षं जातात. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना विचारून आधी ते वर आणा. धाप लागते ती कमजोर मनाची नसते, रक्ताची असते. पाळीच्या दिवसांचं सामान घरूनच न्या आणि त्रास झाला तर जीसीआय (मुलींच्या प्रशिक्षक) मॅडमना सांगा. त्या त्यासाठीच तिथे असतात.

आता त्या अर्जातल्या सगळ्यात महत्त्वाच्या कागदाकडे येते. मेडिकल. इथे आपल्याकडे एक वाईट सवय रुळली आहे. ओळखीच्या डॉक्टरांकडे जायचं, ते नाडीही न पाहता शिक्का मारतात, आपण धन्यवाद म्हणून निघतो. दमा आहे, लहानपणी फिट येत होत्या, मागच्या वर्षी घोटा मोडला होता, हे सगळं त्या शिक्क्याखाली झाकलं जातं. निवड हुकेल ही भीती मला समजते, कारण ती मी स्वतः बाळगली होती.

मी दुसऱ्या वर्षाला होते. माझी उजवी नडगी दीड महिना दुखत होती आणि मी ते आईलाही सांगितलं नव्हतं. ‘सध्या काही त्रास?’ या रकान्यात मी ठळक अक्षरांत ‘नाही’ लिहिलं. तिसऱ्या दिवशीच्या रूट मार्चमध्ये बाराव्या किलोमीटरला मी खाली बसले ती उठलेच नाही. माझी सॅक दोघींनी वाटून घेतली, एका उस्तादांनी मला खांद्याचा आधार दिला आणि आमची सगळी टोळी माझ्यामुळे अंधार पडल्यावर पोचली. चौथ्या दिवशी मला परत पाठवलं. मला दुखत होतं त्यापेक्षा मला त्या दोघींचे चेहरे आठवत राहिले. त्यांनी काही विचारलं नाही, पण त्यांना कळलं होतं. शिवाय माझ्यामुळे जिचं नाव राखीव यादीत राहिलं होतं ती मुलगी घरीच बसली होती. त्या वर्षीची तिची जागा मी खाल्ली.

मैदानात तरी माणूस खाली बसतो. उंचीवर, बर्फात, दमेकऱ्याने गोष्ट लपवली तर तिथून त्याला खाली आणायला दिवस लागू शकतो. म्हणून ज्या डॉक्टरांना तुमचा इतिहास माहीत आहे त्यांच्याकडेच जा, छातीला नळी लावायला सांगा, चालू असलेली सगळी औषधं लिहा. बऱ्याच तक्रारी लिहिल्याने माणूस बाद होत नाही, फक्त त्याच्यावर लक्ष ठेवलं जातं. आणि बाद झालाच, तर तो कुणाच्या खांद्यावरून न उतरता बाद होतो.

आईवडिलांशीही दोन शब्द. रिस्क सर्टिफिकेट समोर आलं की घरात वातावरण तंग होतं, हे मला ठाऊक आहे. ‘काही झालं तर आमची जबाबदारी’ असं वाचल्यावर कुठल्या आईचा हात सही करताना थरथरणार नाही? पण तो कागद मुलाने शेवटच्या रात्री पुढे करावा अशी वेळ येऊ देऊ नका. आधीच वाचा, एएनओंना फोन करा, कुठे नेणार, बरोबर कोण, डॉक्टर आहे का, हे बेलाशक विचारा. विचारल्याने मुलाचं नाव कापलं जात नाही. आणि एनसीसीत घातलं म्हणजे पोरगं सैन्यात गेलंच, ही भीती काढून टाका. १९४८ च्या एनसीसी कायद्यातच कॅडेटवर लष्करी सेवेची सक्ती नाही असं म्हटलं आहे. पुढे जायचं की नाही हे तुमचं मूल ठरवेल.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी वाट चांगली आहे. ‘सी’ सर्टिफिकेटला किमान बी ग्रेड आणि पदवीला पन्नास टक्के असतील तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून सीडीएसची लेखी परीक्षा न देता एसएसबीच्या मुलाखतीला बसता येतं, वय १९ ते २५. त्या मुलाखतीची तयारी नाशिकरोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात शासन राहण्या-जेवणासह मोफत करून घेतं. चौकशी आपल्या मुंबई उपनगर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करा. दहावीतल्या धाकट्या भावंडांसाठी छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून आहे, आणि मुलींसाठी २०२३ पासून नाशिकला.

आपल्याच पश्चिम रेल्वेच्या लाइनवरच्या दोन स्त्रियांची नावं इथे घ्यायला हवीत. विरारच्या गौरी महाडिक वकील आणि कंपनी सेक्रेटरी होत्या. पती मेजर प्रसाद महाडिक गेल्यावर त्यांनी एसएसबी दिली आणि मार्च २०२० मध्ये त्या चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतून (ओटीए) लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे ऑगस्ट २०१८ मध्ये गुरेझला शहीद झाले. त्यांच्या पत्नी कनिका राणे नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच अकादमीतून अधिकारी झाल्या. दोघी लोकलच्या, नोकरीच्या मुंबईतल्या. त्यांच्या दुःखाकडे मी उदाहरण म्हणून बोट दाखवणार नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की तिशीच्या आसपासचं, ऑफिसात बसणारं शरीरही ओटीएतल्या प्रशिक्षणाला तयार होऊ शकतं. तुम्ही अठरा-एकोणीसचे आहात.

म्हणून आजच एक फाइल करा. आधार, कॉलेजचं ओळखपत्र, बँक पासबुकाची प्रत, पासपोर्ट आकाराचे फोटो, रक्तगट, घरच्यांचे दोन नंबर. परीक्षेच्या तारखा एएनओंना आधीच सांगून ठेवा. निरोप संध्याकाळी येतो आणि नावं सकाळी अकराला जातात. ज्याची फाइल तयार त्याचं नाव जातं, हे मी एकोणीस वर्षं पाहिलं आहे.

मी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला. नडगीला तीन महिने विश्रांती, मग हळूहळू धावणं, आणि या वेळी आईला सगळं सांगून. त्याच रकान्यात लिहिलं, ‘मागच्या वर्षी उजव्या नडगीत दुखणं, त्यामुळे परत पाठवलं होतं. आता दुखत नाही.’ डॉक्टरांनी ते वाचलं, मला टेबलावर बसवलं आणि हाडावरून वरपासून खालपर्यंत अंगठा दाबत नेला. मध्ये एकदा थांबून माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग सही केली.