गुलाल झाडणाऱ्यांचा श्वास

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत वाडी रत्नागिरीचा, म्हणजे आपल्या जोतिबाचा डोंगर गुलाबी होतो. उंच सासनकाठ्या, दवण्याचा सुवास, गुलाल-खोबऱ्याची उधळण आणि ‘चांगभलं’चा गजर हे दृश्य लाखो कुटुंबांच्या परिचयाचे आहे. पालखी यमाईच्या भेटीला जाऊन परतते, भाविक डोंगर उतरू लागतात आणि मग एक वेगळेच काम सुरू होते. दगडी फरशीवर साचलेला गुलाल, नारळाच्या शेंड्या आणि करवंट्या, उष्ट्या पत्रावळ्या, प्लास्टिकच्या पिशव्या, भरून वाहू लागलेली शौचालये हे सारे कोणाला तरी उचलावे लागते. झाडू आणि घमेले घेतलेली ही माणसे कोणाच्याही छायाचित्रात नसतात.

या सदरातून आपण बहुधा घरातील ज्येष्ठांच्या प्रकृतीविषयी बोलतो. आज ग्रामपंचायतीच्या आणि नगरपालिकेच्या कामगारांच्या सुरक्षिततेविषयी बोलायचे आहे, आणि तो विषय आपल्या उंबरठ्याबाहेरचा नाही. आपल्यापैकी काहींच्या घरी सफाई खात्यातून निवृत्त झालेले वडील किंवा सासूबाई आहेत. आणि प्रत्येकाच्या घरातला कचरा रोज सकाळी अशाच कोणाच्या तरी हाती जातो.

धोका आणि जोखीम

हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. परंतु सुरक्षाशास्त्र त्यांत भेद करते. ज्यापासून इजा होऊ शकते तो धोका. ती इजा होण्याचा संभव किती आणि झाल्यास ती किती गंभीर, याचा हिशेब म्हणजे जोखीम. पिशवीत बांधलेला गुलाल हा नावापुरता धोका आहे. तोच गुलाल कोरड्या झाडूने तासन् तास उडवत राहणाऱ्या माणसासाठी मोठी जोखीम आहे.

बाजारातील कित्येक गुलालांत पिष्ठ किंवा शंखजिऱ्याची पूड आणि कृत्रिम रंग असतात. नाक व घसा मोठे कण अडवतात. केसाच्या जाडीच्या सातव्या हिश्शाहूनही बारीक असलेले कण मात्र श्वासनलिकांत खोलवर शिरतात. भाविक ही धूळ तास-दोन तास श्वासात घेतो आणि घरी जाऊन आंघोळ करतो. झाडणारा ती दिवसभर घेतो, दुसऱ्या दिवशीही घेतो. माघात सुरू होणारे रविवारचे खेटे, चैत्रातली यात्रा, श्रावणातली षष्ठी असे वर्षभर चालते. शरीरात किती धूळ गेली याचे मोजमाप एका दिवसाने होत नाही, वर्षांनी होते.

उतरंडीचा तळ

धोक्यावर उपाय योजण्याची एक ठरलेली चढती पायरी आहे. आपल्या स्वयंपाकघरातील मडक्यांच्या उतरंडीसारखी ती समजून घ्यावी. सर्वांत मोठे मडके तळाशी, सर्वांत लहान वर.

तळाचे मडके म्हणजे धोका मुळातच निर्माण होऊ न देणे. प्रत्येक कुटुंबाने पुड्यांऐवजी चिमूटभर गुलाल वाहिला, तर भक्तीत काही उणे होत नाही आणि झाडण्याचा गुलाल मात्र घटतो. दुसरे मडके पर्यायाचे: कृत्रिम रंगाच्या भुकटीऐवजी वनस्पतिजन्य, कमी उडणारा गुलाल. तिसरे साधनांचे. झाडण्यापूर्वी पाण्याचा हलका फवारा मारला की धूळ बसते. मात्र ओला गुलाल दगडी पायरीवर निसरडा होतो, म्हणून तेवढा भाग दोर लावून भाविकांसाठी बंद करावा लागतो आणि ओलसर थर फावड्याने उचलावा लागतो. उभ्याने वापरता येईल असा लांब दांड्याचा झाडू हेही असेच साधे साधन आहे. आखूड झाडूने वर्षानुवर्षे वाकून काम करणाऱ्या बायकांच्या कमरेला त्याचे मोल विचारावे. चौथे मडके नियमांचे: चैत्राचे ऊन चढण्याआधी काम, ठरावीक वेळाने सावलीत विश्रांती, पाणी आणि मीठ-साखरेचे पेय, पाळ्यांची अदलाबदल. सर्वांत वरचे, सर्वांत लहान मडके म्हणजे मुखपट्टी, हातमोजे आणि बूट.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हे वरचे मडकेच तेवढे आणले जाते. मुखपट्ट्यांचे वाटप होते आणि सुरक्षिततेचे काम संपले असे मानले जाते. साधी कापडी पट्टी बारीक धूळ अडवत नाही. घट्ट बसणारी एन-९५ मुखपट्टी ती बऱ्याच अंशी अडवते, परंतु उन्हात घाम गाळत दिवसभर ती लावून राहणे कठीण असते. म्हणून मुखपट्टी हवीच, पण ती शेवटची. तळाचे मडके नसेल तर वरचे कशावर राहणार?

हा कामगार कोणाचा?

तीर्थक्षेत्री आणखी एक अडचण असते. गावाचा कारभार ग्रामपंचायतीचा, मंदिर पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे, बंदोबस्त पोलिसांचा. मोठ्या यात्रेत कंत्राटदाराची माणसे आणि स्वयंसेवकही एकाच फरशीवर काम करतात. अशा ठिकाणी एखाद्याचा पाय घसरला किंवा हाताला काच लागली, तर पहिला प्रश्न निघतो, ‘हा कोणाचा माणूस?’ ज्या यात्रेत या प्रश्नाचे उत्तर आधी ठरलेले नसते, तिथे जखमी माणूस स्वतःच्या खर्चाने घरी जातो.

वास्तविक कामावर असताना कामामुळे इजा झाल्यास भरपाई मिळावी, हे तत्त्व आपल्या देशात १९२३ च्या कायद्यापासून मान्य आहे. कामगार कंत्राटदाराचा असला, तरी काम ज्याचे त्या संस्थेची जबाबदारी सुटत नाही, हेही त्याच कायद्याने सांगितले. म्हणून यात्रेपूर्वी सर्व संस्थांनी एकत्र बसून एक जबाबदार व्यक्ती नेमावी आणि एकच नोंदवही ठेवावी. कोण कामावर आहे, कोणाला काय लागले आणि कोण थोडक्यात वाचले, हे तीत त्याच दिवशी लिहावे. थोडक्यात हुकलेला अपघात हीच पुढच्या अपघाताची सूचना असते.

सफाई हे केवळ स्वच्छतेचे काम नसून सर्वांच्या रक्षणाचे काम आहे, याची आठवण सातारा जिल्ह्यातील मांढरदेवी देते. २५ जानेवारी २००५ रोजी काळूबाईच्या यात्रेत झालेल्या चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. अरुंद वाट, अफाट गर्दी, दुकानांना लागलेली आग अशी अनेक कारणे एकत्र आली. त्यांत फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या हेही एक कारण होते. एका पायरीवरचे पाणी वेळीच पुसणारा माणूस किती जीव राखतो, हे आपल्याला कधीच मोजता येत नाही, म्हणून त्याचे काम हलके वाटते.

आपल्या घरातला धोका

आता डोंगरावरून आपल्या घरात येऊ. ज्या घरात ज्येष्ठांची शुश्रूषा चालते, त्या घराच्या कचऱ्यात मधुमेहाच्या सुया, रक्तशर्करा तपासण्याच्या टोचण्या, डायपर, जखमेच्या पट्ट्या आणि उरलेली औषधे असतात. भाजीच्या देठांत लपलेली एक सुई कचरा उचलणाऱ्याच्या बोटात शिरली, तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी किंवा एचआयव्ही यांची जोखीम निर्माण होते आणि त्या कुटुंबाची झोप कित्येक महिने उडते. आपल्या रुग्णाला असा कोणताही आजार नसला, तरी ज्याला सुई टोचली त्याला ते ठाऊक नसते.

घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी अशा सुया व औषधे घरगुती घातक कचरा मानून वेगळी ठेवण्यास सांगितले. वापरलेली सुई टोपण न लावता जाड प्लास्टिकच्या, झाकणाच्या डब्यात टाकावी. डबा पाऊण भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करून वर ठळक अक्षरांत ‘सुया’ असे लिहावे आणि संकलन केंद्रात किंवा कामगाराच्या हाती सांगून द्यावा. डायपरमधील मळ शौचालयात टाकून डायपर वर्तमानपत्रात गुंडाळावा व त्यावर लाल खूण करावी. फुटलेली काच जाड कागदात बांधून तसे लिहावे.

चुकून कोणाला सुई टोचलीच, तर जखम दाबू किंवा चोखू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. सफाई कामगारांना हिपॅटायटिस बी लशीच्या तीन मात्रा आणि दर दहा वर्षांनी धनुर्वाताची लस मिळायला हवी.

शौचालयाची टाकी भरल्यास कोणालाही आत उतरायला सांगू नये. मैला खेचणारी गाडी बोलवावी. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो कायदा घरमालकालाही लागू होतो. टाकीतील विषारी वायू दोन-चार श्वासांत माणसाला बेशुद्ध करू शकतो, आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही वर येत नाही.

‘तुमचा व्यवसाय कोणता?’

सुमारे सव्वातीनशे वर्षांपूर्वी इटलीतील मोडेना शहरात बर्नार्डिनो रामाझ्झिनी या वैद्यांनी आपल्या घरी मैल्याचा खड्डा उपसणाऱ्या माणसाला पाहिले. तो इतक्या घाईने का काम करतो, असे त्यांनी विचारले. त्या कामाने डोळे जळतात आणि नंतर अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागते, असे त्याने सांगितले. रामाझ्झिनी नंतर तशाच अनेक कामगारांकडे गेले आणि १७०० मध्ये त्यांनी व्यवसायजन्य आजारांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. रुग्णाला विचारायच्या प्रश्नांत ‘तुमचा व्यवसाय कोणता?’ हा एक प्रश्न त्यांनीच वाढवला.

आपल्या घरी निवृत्त सफाई कामगार असतील, तर डॉक्टरांनी न विचारताही हे उत्तर त्यांना द्यावे. किती वर्षे झाडले, कोरडे की ओले, मुखपट्टी होती का, हे कागदावर लिहून न्यावे. जुना खोकला आणि जिना चढताना लागणारी धाप वयावर ढकलून मोकळे होऊ नये. फुफ्फुसांची क्षमता मोजणारी साधी फुंकण्याची चाचणी करून घ्यावी. धूम्रपान चालू असेल तर ते थांबवणे हा कोणत्याही वयात लाभ देणारा उपचार आहे.

दमा असलेल्या ज्येष्ठांना जोतिबाच्या दर्शनाला न्यायचे असेल, तर पालखीची वेळ व यात्रेचे दिवस टाळून एखाद्या साध्या दिवशी पहाटे न्यावे आणि श्वासाचे औषध जवळच्या खिशात ठेवावे.

शेवटी एक काम ज्येष्ठ वाचकांसाठी. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी बहुतेक गावांत ग्रामसभा भरते. रस्ता आणि पाणी यांविषयी आपण बोलतोच. पुढच्या सभेत उभे राहून एवढेच विचारावे: आपल्या गावच्या सफाई कामगारांची शेवटची आरोग्य तपासणी कधी झाली, आणि कामावरच्या इजेची नोंदवही कुठे आहे? ज्येष्ठांनी विचारलेला प्रश्न गावाला सहसा टाळता येत नाही.