आज नको

भाचीचा फोन आला. "खाला, रविवारी हडपसरला येशील? बहुतेक या वेळी सर मला एकटीला उडू देतील."

हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे. तिथे ती शिकते. आमची आपा, म्हणजे तिची अम्मी, भीतीपोटी त्या मैदानावर पाऊल ठेवत नाही. म्हणून डबा घेऊन मीच गेले.

ग्लायडरला इंजिन नसतं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच असतं. ते लांब तार गुंडाळत ग्लायडरला पतंगासारखं वर ओढतं. वर गेल्यावर तार सोडून द्यायची. सकाळी भाचीने मागे सरांना बसवून दोन फेऱ्या मारल्या. समोरून वारा असला की ग्लायडर जास्त उंच चढतं, असं तिने सांगितलं.

"मग वारा चांगलाच की!" मी म्हटलं.

"चढताना चांगला. उतरताना परीक्षा घेतो."

मग तिने समजावून दिलं. जमिनीजवळ वारा मंदावतो. समोरचा वारा असा एकाएकी कमी झाला, की ग्लायडर झपकन खाली बसतं. म्हणून उतरताना वेग वाढवून ठेवायचा, साधारण वाऱ्याच्या निम्म्याने. एरवी ताशी 90 किलोमीटर वेग ठेवत असाल आणि वारा 30 चा असेल, तर 105 ठेवायचा. चुकलं तर पुन्हा वर जायला इंजिन नाही.

दुपारी झोत वाढले. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी आडवी फडफडू लागली, धूळ उठली. भाची पट्टे बांधून बसली होती. सरांनी पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आज नको."

तिने वाद घातला नाही. पट्टे सोडून उतरली आणि वरचं झाकण लगेच बंद केलं, वाऱ्याने ते मोडू नये म्हणून. वाऱ्याकडच्या पंखाचं टोक धरून ती सगळ्यांबरोबर ग्लायडर हळूहळू हँगरकडे नेऊ लागली. डोळे भरलेले होते.

परतताना मी समजूत घालू लागले, तर ती म्हणाली, "खाला, दुसऱ्या फेरीत ग्लायडर असंच खाली बसलं होतं. सरांनी सावरलं. अम्मीला सांगू नकोस."

"मी नाही सांगणार," मी म्हटलं, "तूच सांग."

रात्री तिने सांगितलं. आपा बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, आता शिकणं बंद.

"उडायला तयार बसलेल्या पोरीलाही सर थांबवतात?" तिने विचारलं.

"थांबवतात, अम्मी."

मुलांना पुढे ढकलणारे पुष्कळ भेटतात. वेळेवर थांबवणारा भेटला, तर आईबापांना झोप लागते.

आपा उठून स्वयंपाकघरात गेली. तिथूनच म्हणाली, "पुढच्या रविवारी डबा मी भरते. किती वाजता निघायचं?"